व्हर्नाबाईंची कव्हरं

मीरा, आज गाडीत नाहीस ना? मग एका जागी बस बरं. बसलीस? फोन स्पीकरवर ठेव. परवा बोलताना तू म्हणालीस, "आजी, मी लॉयर झाले म्हणून सगळ्यांनी पेढे मागितले, आणि दिवसभर मी काय करते, तर आपल्याकडचे पेपर्स त्यांना पाठव आणि त्यांचे आपण वाच. कोर्ट तर मी पाहिलंच नाही अजून. सो बोअरिंग." तेव्हा मी गप्प बसले. तू अ‍ॅशबर्नच्या ट्रॅफिकमध्ये गाडी चालवत होतीस, आणि गाडी चालवणाऱ्या माणसाला रागवू नये असं माझं मत आहे. आता रागावते. त्या कामाला बोअरिंग म्हणायचं नाही. त्याच कामापायी एका बाईनं स्वतःच्या हातची शिवण स्वतःच्या कात्रीनं उसवली, आणि ते मी कोपऱ्यात बसून पाहिलं आहे. तुझ्या आईनं तुला सांगितलं नसणार. तिला त्या गोष्टीत रडू येतं, म्हणून ती सांगत नाही. मी सांगते.

तुझी आई तिसरीत असताना तिला शिकवायला व्हर्नाबाई होत्या. शाळेत सगळे त्यांना मिस व्हर्ना म्हणायचे. मी बाई म्हणायचे. त्यांनी एकदा विचारलं, "शालिनी, हे बाई काय आहे?" मी म्हटलं, "आमच्याकडे मास्तरीणबाईंना असंच म्हणतात." त्यांनी तो शब्द तोंडात दोनदा घोळवला आणि म्हणाल्या, "ठीक आहे. रिटायर झाल्यावरही म्हणशील ना?"

उंच, काळ्याभोर, ताठ. उन्हाळ्यातसुद्धा हॅट आणि पांढरे हातमोजे. पर्स कोपरात अशी धरायच्या, जणू आत मांजर झोपलंय आणि ते जागं व्हायला नको. चहात साखर इतकी घालायच्या की माझा चहा त्यांना कडू लागायचा, आणि माझ्या चहाची आपल्याकडे काय ख्याती आहे ती तुला माहीत आहे. घाई हा प्रकार त्यांना मान्य नव्हता. आपण गडबड केली की म्हणायच्या, "घाई त्यांनी करावी, ज्यांना तेच काम परत करायला वेळ आहे."

आणि सगळ्यात मोठी सवय म्हणजे "हात दाखव." वर्गात पुस्तक हातात देण्याआधी प्रत्येक मुलाचे हात उलटसुलट पाहायच्या. ती सवय घरीही सुटली नव्हती. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्यांनी टेबलावरचं मासिक चाळण्याआधी हात दाखवायला लावले होते. त्या बाप्यानं निमूट दाखवले, आणि निमूट जाऊन धुतले.

आता आमचं तेव्हाचं अमेरिकेतलं गाव कसं होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गावाच्या मधून रेल्वेचे रूळ. पश्चिमेला गोऱ्यांची वस्ती, पूर्वेला काळ्यांची. तुझ्या आजोबांना जिथलं भाडं परवडलं तिथं आम्ही राहिलो, म्हणजे पूर्वेला. हा भूगोल आम्हाला कुणी सांगितला नव्हता. शाळा कायद्यानं सगळ्यांना खुल्या. पण कुठल्या घरातलं मूल कुठल्या शाळेत जाणार याच्या हद्दी शाळा चालवणाऱ्या बोर्डानं अशा आखल्या होत्या की रुळांपलीकडची मुलं तिकडेच राहावीत आणि इकडची इकडेच. तिकडच्या शाळेला नवी पुस्तकं यायची. काही वर्षं वापरून त्यांचा जीव गेला की खोक्यांत भरून आमच्या शाळेत. आपल्या भाषेत सांगायचं तर उष्टं.

हे मला बरीच वर्षं ठाऊकच नव्हतं, आणि त्याला कारण व्हर्नाबाई.

झालं असं की नंदिनीनं, म्हणजे तुझ्या आईनं, एकदा जेवता जेवता अभ्यास करून भूगोलाच्या पुस्तकावर आमटी सांडली. मी घाबरले. माझं इंग्रजी तेव्हा दुकानातल्या डब्यांवर आणि टीव्हीवर शिकलेलं. "सॉरी" आणि "हाऊ मच" एवढीच वाक्यं घेऊन मी त्यांच्या घरी गेले. बाईंनी आधी माझे हात पाहिले, मग पुस्तक पाहिलं, आणि पुस्तकाचा वास घेऊन विचारलं, "यात काय काय घालता?" मी बोटांनी आणि डोळ्यांनी फोडणी सांगितली. मग त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं. टेबलावर दाभण, जाड दोरा, जुन्या चादरीच्या पट्ट्या, आणि गॅसवर एका भांड्यात पांढरं काहीतरी रटरटत होतं. मी पाहिलं आणि ओळखलं. खळ. आपल्याकडे पतंगाला, पाकिटांना करतात ती कणकेची खळ. अमेरिकेत येऊन पहिल्यांदा मला न विचारता काहीतरी समजलं होतं.

त्यानंतर शनिवारी मी त्यांच्याकडे जाऊ लागले. त्या उसवलेली पुस्तकं शिवायच्या, फाटक्या कडांना पट्टी लावायच्या, किराण्याच्या खाकी पिशव्या कापून कव्हरं घालायच्या. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूलाही, जिथं मुलं नाव घालतात तिथं, खळीनं कोरा कागद डकवायच्या. मला त्यात नवल वाटलं नाही. आपल्याकडे जूनमध्ये हेच चालायचं, खाकी कागद आणि कोपऱ्यांची घडी. माझी घडी पाहून त्या म्हणाल्या, "ही तुला कुणी शिकवली?" मी म्हटलं, "वडिलांनी." त्या म्हणाल्या, "चांगला माणूस." एका घडीवरून.

मला वाटायचं पुस्तकं टिकावीत म्हणून हे सगळं.

पुढे बाई रिटायर झाल्या. शाळेनं ती जुनी पुस्तकं टाकून द्यायला काढली, तर बाईंनी ती उचलून त्यांच्या चर्चच्या तळघरात नेऊन ठेवली. आणि त्याच सुमारास, म्हणजे ऐंशीनंतरची ती वर्षं, पूर्वेच्या काही आईवडिलांनी शाळा बोर्डावर खटला भरला, की हद्दी मुद्दाम अशा आखल्यात आणि आमच्या मुलांना मुद्दाम कमी दिलंय. आपल्या बाजूचा वकील डॅनियल. कोवळा पोरगा, शर्टाला इस्त्री नाही, जेवणाचा पत्ता नाही. बाई त्याला यंग मॅन म्हणायच्या आणि दारात बूट पुसायला लावायच्या. त्याला कुणीतरी तळघरातल्या पुस्तकांबद्दल सांगितलं. तो येऊन पाहून गेला आणि खूश झाला. त्यानंच आम्हाला समजावलं की खटला उभा राहण्याआधी दोन्ही बाजूंनी आपापल्याकडचा पुरावा एकमेकांना दाखवायचा असतो. कोर्टात ऐन वेळी खिशातून काही काढायचं नाही. बोर्डाचे वकील हॉलसाहेब पुढच्या आठवड्यात पुस्तकं बघायला येतील, सोबत फोटोग्राफर असेल.

तो गेल्यावर बाई म्हणाल्या, "शालिनी, रुळांपलीकडची माणसं येणार."

"हो बाई."

"त्यांच्यासमोर माझी पुस्तकं अशी नाही ठेवायची."

झालं. रोज संध्याकाळी आम्ही तळघरात. वर्षानुवर्षं पडून जी कव्हरं विरली होती ती बदलली. सुटलेली पानं शिवली. शिसपेन्सिलीच्या रेघा ब्रेडच्या मऊ तुकड्यानं पुसल्या, ही बाईंची युक्ती. मी आयसेलिनहून, तिथं तेव्हा आपल्या भारतीयांची दोन-चारच दुकानं होती, तांदळाच्या पिशव्या आणायचे, त्यांचा खाकी कागद जाड असायचा. एकमेकींचं काम बघून आम्ही खूश. उंबऱ्यावर पाहुणे येणार म्हटल्यावर पोरांची तोंडं धुतो, त्यापेक्षा त्यात वेगळं काही आहे असं आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

आदल्या दिवशी डॅनियल आला. तळघराच्या पायऱ्या उतरता उतरता मधल्याच पायरीवर बसला.

"मिस व्हर्ना," तो म्हणाला, "मला सांगा की ही दुसरी पुस्तकं आहेत."

"तीच आहेत."

"तुम्ही पुराव्याला इस्त्री केलीत."

"तुझ्या शर्टाला कुणीतरी करायला हवी," बाई म्हणाल्या.

तो हसला नाही. मग त्यानं हळूहळू समजावलं. फाटकी पुस्तकं हाच तर आपला पुरावा होता. आणि आता जे केलं ते लपवताही येणार नाही. उद्या हॉलसाहेबांना आपणहून सांगावं लागेल की पुस्तकं नुकतीच दुरुस्त केली आहेत. बाई म्हणाल्या, "अर्थात सांगायचं. मी काय चोरून केलंय?" पण त्यांनी हातमोजे काढले आणि परत घातले. बाई अस्वस्थ असल्या की तसं करायच्या.

दुसऱ्या दिवशी हॉलसाहेब आले. पिकलेले केस, आवाज मऊ, वागणं अदबीचं. मी मनात एक राक्षस रंगवला होता, तो काही आलाच नाही. डॅनियलनं सगळं खरं सांगितलं, त्यांनी मान डोलावली. मग त्यांनी एका पुस्तकाकडे हात नेला, आणि बाई म्हणाल्या, "हात दाखवा."

डॅनियलनं डोळे मिटले. हॉलसाहेबांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. बोटाला फाउंटन पेनाची शाई होती. विचारलं, "बेसिन कुठे आहे?" आणि गेले धुवायला. ओल्या हातांनी परत आले, तर बाईंनी त्यांना टॉवेल दिला.

फोटो काढून झाले. ओळीनं लावलेली खाकी पुस्तकं, कोपरे सारखे. जाताना हॉलसाहेब म्हणाले, "मॅडम, इतक्या मायेनं राखलेली पुस्तकं ज्या मुलांना मिळाली ती नशीबवान." टोमणा नव्हता तो. मनापासून म्हणाले. तेच जास्त लागलं.

मग आम्ही दोघी बाईंच्या घराकडे निघालो. दाराशी आल्यावर म्हणाल्या, "आत ये, चहा करते." चहा झाला, साखर घालायला मात्र विसरल्या. तसाच पिऊ लागल्या. मग त्यांनी मला सांगितलं.

नोकरीला लागल्या त्या पहिल्या वर्षीची गोष्ट. एका लहान मुलीनं पुस्तक उघडलं. आत पुठ्ठ्यावर रुळांपलीकडच्या मुलांची नावं, त्याखाली तिकडच्या शाळेचा 'बाद' असा शिक्का. आणि शिक्क्याखाली कुणा पोरानं, पुस्तक पुढे कुणाकडे जाणार हे ठाऊक असल्यासारखं, पुढच्यासाठी एक ओळ लिहून ठेवलेली. मुलीनं ती अक्षरं लावून लावून वाचली आणि विचारलं, "मिस व्हर्ना, हे मला म्हटलंय का?"

"त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा खळ शिजवली," बाई म्हणाल्या.

मग मला कळलं की आतला तो कोरा कागद कशासाठी. पुस्तकं टिकावीत म्हणून नव्हताच तो. गाव आपल्याला काय समजतं हे निदान त्यांच्या वर्गात मुलांना कळू नये, एवढ्यासाठी बाईंची सगळी नोकरी त्या कागदावर गेली होती. "बोर्डाकडे तक्रार दरवर्षी केली. दरवर्षी ऐकून घेतलं त्यांनी. आणि दरवर्षी मी घरी येऊन खळ केली," त्या म्हणाल्या. "आता खटला जिंकायचा तर मला ते उघडावं लागणार. आणि उघडलं की माझ्या मुलांना कळणार. नंदिनीला कळणार, की मिस व्हर्ना त्यांना काय हातात देत होत्या."

मी त्यांच्या कपात साखर घातली.

मग बाईंची जबानी झाली. तीसुद्धा कोर्टाबाहेरच, हॉलसाहेबांच्या ऑफिसातल्या लांब टेबलावर. तुझं रोजचंच आहे हे. बाईंची पिशवी धरायला मी गेले होते. कुणी हरकत घेतली नाही, म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. एक बाई शब्द न शब्द टाइप करत होती. टेबलावर पुस्तकांचा एक गठ्ठा.

हॉलसाहेबांनी शांतपणे विचारलं, "मुलांनी कधी पुस्तकांबद्दल कुरकुर केली?"

"नाही."

"त्यांना कधी कमीपणा वाटल्याचं तुम्हाला दिसलं?"

"नाही. ते दिसू नये हेच माझं काम होतं."

"मग मॅडम, मला समजून घ्यायचंय. मुलांना कळलंच नाही, तर त्यांचं नुकसान काय झालं?"

बाईंनी हातमोजे काढले, नीट घडी करून पर्सवर ठेवले, आणि पर्समधून त्यांची लहान कात्री काढली. "हे पुस्तक उघडायला मला कुणाची परवानगी लागेल?"

दोघा वकिलांनी एकमेकांकडे पाहिलं. काहीतरी बोलले, टाइप झालं. हॉलसाहेब म्हणाले, "आमची हरकत नाही." डॅनियल अगदी हळू म्हणाला, "मिस व्हर्ना, तुम्हाला नको असेल तर—"

"घाई करू नकोस, यंग मॅन."

त्यांनी पाठीची शिवण कापली. एकेक टाका. कव्हर काढलं, घडी मोडू न देता. मग आतल्या कागदाखाली कात्रीचं टोक घालून तो सोडवत नेला, आपण बाळाच्या अंगावर चिकटलेली पट्टी काढतो तसा. वर्षानुवर्षांची खळ, सुटता सुटेना. शिवण गेल्यावर पानं टेबलावर पसरली, ती त्यांनी गोळाही केली नाहीत. पुस्तक फिरवून हॉलसाहेबांपुढे ठेवलं.

"खालची ओळ मी वाचणार नाही," त्या म्हणाल्या. "मी ती एकदा एका लहान मुलीच्या तोंडून ऐकली आहे. तुम्ही वाचा."

हॉलसाहेबांनी वाचली. मनातल्या मनात. ओठसुद्धा हलले नाहीत. टाइपवाली बोटं रोखून बसली होती. शेवटी ते म्हणाले, "पानाचा फोटो घ्या. नोंदीत मोठ्यानं वाचायची गरज नाही." मग बाईंना म्हणाले, "मला पुढे प्रश्न नाहीत."

मीरा, ती ओळ काय होती ते मला आजही माहीत नाही. विचारलं नाही कधी. तूही विचारू नकोस.

बाहेर आल्यावर बाईंना खटल्याची काळजी नव्हती. काळजी तुझ्या आईची होती. "पेपरात येण्याआधी मीच सांगणार," म्हणाल्या, आणि त्या रविवारी आमच्याकडे आल्या. नंदिनी तेव्हा हायस्कूलमध्ये, केस कपाळावर, कुणाशी धड बोलायची नाही. बाई सोफ्याच्या कडेवर ताठ बसल्या आणि तिला सगळं सांगितलं. कागद, शिक्का, ओळ. "तुम्हाला कळू नये म्हणून मी झाकत होते. आता मीच ते उघडलं. तुला ते माझ्या तोंडून कळायला हवं होतं."

तुझी आई खाली बघत होती. मग इंग्रजीत म्हणाली, "मिस व्हर्ना, वुई न्यू."

"काय?"

"सगळ्यांनाच माहीत होतं. बोट जिभेला लावून कोपरा ओला करायचा, मग कागद उचलता यायचा. पहिल्याच आठवड्यात मोठी मुलं शिकवायची." आणि मग अजून खाली बघून म्हणाली, "पण परत नीट दाबून ठेवायचो. तुम्ही इतक्या नीट चिकटवलेला असायचा. तुम्हाला वाईट वाटलं असतं."



बाई म्हणाल्या, "थुंकीचं बोट? पुस्तकाला?"

"येस, मॅम."

"हात दाखव."

आणि त्या चौदा वर्षांच्या घोडीनं दोन्ही हात पुढे केले. बाईंनी ते हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले, आणि सोडलेच नाहीत. आधी हसल्या. मग हसू कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं ते मला सांगता येणार नाही. मी चहा ठेवायला उठले, कारण कुणीतरी उठायला हवं होतं.

तो खटला कोर्टात उभा राहिलाच नाही. त्या जबानीनंतर काही महिन्यांनी बोर्डानं समझोता केला आणि हद्दी नव्यानं आखल्या. एका पुस्तकामुळे असं डॅनियलसुद्धा म्हणाला नाही, त्याच्याकडे इतरही बरंच होतं. पण खटला झालाच नाही, म्हणून ते पान कधी भर कोर्टात दाखवावं लागलं नाही. पुस्तकं परत आली तेव्हा बाईंनी ते उसवलेलं पुस्तक पुन्हा शिवलं. आतला कागद मात्र एकाच कडेला चिकटवला. उचलला की उचलता येईल असा.

नव्या हद्दींनी शाळा उघडली त्या सकाळी आम्ही दोघी रस्त्याच्या या बाजूला उभ्या होतो. बसमधून रुळांपलीकडची मुलं उतरत होती, भेदरलेली, नवे डबे घेऊन. पूर्वेची मुलं कठड्यावर बसून त्यांच्याकडे बघत होती. बाईंच्या हातात खाकी पिशव्यांची जाड घडी. "लागल्या तर," म्हणाल्या. तेवढ्यात तिथल्या एका तरुण मास्तरीणबाईनं ओळखून हाक मारली आणि सांगितलं की यंदा सगळ्यांनाच नवी कोरी पुस्तकं आहेत, प्लॅस्टिकच्या कव्हरांची. बाईंनी मान डोलावली. ती घडी माझ्या हातात दिली, म्हणाल्या, "तुझ्या भाजीला होतील," आणि पर्स कोपरात धरून चढावर चालू लागल्या. हॅट, हातमोजे, घाई नाही. मागे वळून पाहिलं नाही. वळतील असं मला वाटत होतं. त्या हिवाळ्यात त्या दक्षिणेला बहिणीकडे राहायला गेल्या आणि पुढे तिथंच वारल्या. मला दिसतात त्या त्या चढावरच्या.

जाताना ते पुस्तक त्यांनी तुझ्या आईला दिलं. ती म्हणते, घरी ठेवलं तर सारखं उघडावंसं वाटतं, म्हणून माझ्याकडे आहे, देवघराखालच्या खणात. कव्हराची घडी बाईंची आहे, एक कोपरा माझा.

तर तुझे ते बोअरिंग कागद दोन दिवस राहू देत तिथंच. ये इकडे. आमटी करते, पण पुस्तकापासून लांब बसून जेवायचं. मग खण तुझ्या हातानं उघड आणि कागद उचलायचा की नाही ते तूच ठरव. फक्त आधी माझ्यासमोर हात पुढे करायचे, उलटे आणि सुलटे. लवकर ये बाळा, माझी नजर आहे तोवर ये.